झांबेझीवर वल्हं, मानात पायी: दहा दिवसांची आखणी कशी करावी

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, तुमचे यजमान आणि १५ वर्षांचा मुलगा, तिघंही सह्याद्रीत सतत भटकणारे. राजगड-तोरणा एका दिवसात केलेला आहे. सप्टेंबरअखेरीस दहा दिवस मोकळे आहेत. झिम्बाब्वेच्या माना पूल्स या राष्ट्रीय उद्यानात (थोडक्यात ‘माना’) पायी फिरायचं आहे आणि तिथल्या झांबेझी नदीवर कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट होडी, चालवायची आहे. तिथे गाईडशिवाय चालता येतं असं तुमच्या कानावर आलंय, म्हणून भाड्याची गाडी घेऊन आपलं आपणच जमेल का, किती दिवस कशाला द्यायचे आणि सामान काय न्यायचं, असं तुम्ही विचारलंय. तिघंही शाकाहारी आहात.

आधी तुमच्या तब्येतीची काळजी बाजूला ठेवते, कारण तो इथला प्रश्नच नाही. मानाचं पूरमैदान तळहातासारखं सपाट आहे. सकाळच्या तीन-चार तासांत सहा ते दहा किलोमीटर चालणं होतं, तेही थांबत थांबत. तोरण्याचा चढ चढणाऱ्या पायांना तिथे काहीच काम नाही. खरा प्रश्न असा आहे की समोरच्या हत्तीच्या कानांचा, पाण्यातल्या पाणघोड्याच्या फुरफुरीचा आणि मानेवर लागणाऱ्या वाऱ्याचा अर्थ तुमच्या वतीने कोण लावणार? दिवस, मार्ग, खर्च, सामान, सगळं या एका उत्तरावरून ठरतं. म्हणून मी कुणाचीही आखणी गाईडपासून सुरू करते आणि तारखांवर नंतर येते.

गाईडशिवाय फिरण्याबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. शुल्क भरून आपल्या जबाबदारीवर पायी फिरू देणारं मोठ्या जनावरांचं जंगल म्हणून माना प्रसिद्ध आहे. पण ही मुभा वापरतात ती बहुधा वर्षानुवर्षं तिथे येणारी, त्या जनावरांत वाढलेली माणसं. पहिल्यांदा येणाऱ्याला सह्याद्रीचा अनुभव इथे उलटा नडतो. आपल्याला वाट कापायची सवय असते, वळणावर पुढे जाऊन मागच्यांना हाक मारायची सवय असते, झुडपातून वाट काढण्यात मजा वाटते. मानात झुडपात शिरणं हीच सगळ्यात मोठी चूक ठरते, कारण म्हाताऱ्या, कळपाबाहेर पडलेल्या रानरेड्यांना दुपारी तिथेच बसायला आवडतं. चिखलात लोळतात म्हणून तिथले लोक त्यांना ‘डग्गा बॉय’ म्हणतात. असा रेडा कळपातल्यासारखा पळून जात नाही. तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत तो गप्प बसून राहतो. तेव्हा पहिल्या खेपेला गाईडशिवाय एक पाऊलही नको, असं मी स्पष्ट सांगते, आणि सोबत मुलगा असताना तर नकोच नको.

आता गाईड म्हणजे नक्की कोण? झिम्बाब्वेत हा शब्द कुणीही आपल्या नावापुढे लावू शकत नाही. आधी कायदा, प्राणी-वनस्पती, बंदुका अशा विषयांची लेखी परीक्षा होते आणि उमेदवारीचा परवाना मिळतो. मग ज्येष्ठ परवानाधारकाच्या हाताखाली किमान दोन वर्षं उमेदवारी, प्रथमोपचार, नेमबाजीची चाचणी आणि शेवटी परीक्षकांसमोर रानातच काही दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा. हे सगळं पार करणाऱ्यालाच मोठ्या जनावरांच्या रानात पाहुण्यांना पायी नेता येतं. आफ्रिकेतल्या सर्वात कठीण परवान्यांत याची गणना होते, आणि योग्यच आहे. पण कनू गाईडचा परवाना वेगळा असतो. नदीवर अतिशय निष्णात असलेल्या माणसाकडे पायी नेण्याचा परवाना असेलच असं नाही. तुमच्या सहलीत दोन्ही आहे. म्हणजे एकतर दोन्ही परवाने असलेला एकच माणूस हवा, नाहीतर नदीपुरता एक आणि रानापुरता दुसरा.

चौकशीच्या ईमेलमध्ये हे थेट विचारा: आमच्यासोबत प्रत्यक्ष येणाऱ्या व्यक्तीचं नाव काय, तिचा परवाना कुठल्या वर्गाचा, तो चालू वर्षासाठी वैध आहे का, पायी फिरताना बंदूक तीच व्यक्ती बाळगणार का, आणि एका गाईडमागे पाहुण्यांच्या कनू किती. ‘आमचे सगळे गाईड अनुभवी आहेत’ एवढंच उत्तर आलं तर पुढच्या कंपनीकडे वळा. कनूंच्या संख्येवर माझी स्वतःची मर्यादा चारची आहे. त्याहून जास्त झाल्या की रांग लांबते, शेवटच्या कनूला गाईडची खूण दिसत नाही आणि आवाज वारा उडवून नेतो. बंदूक .३७५ किंवा त्याहून मोठ्या बोअरची असते, पण तिच्या गप्पा रंगवणारा गाईड मला पसंत नाही. चांगल्या गाईडचं कौशल्य ती खांद्यावरून उतरवावीच लागू नये यात असतं.

मुलाच्या वयाचं मात्र कंपनीवर अवलंबून आहे. कुणी १२ वर्षांपुढे घेतात, कुणी पायी फिरण्यासाठी १६ ची अट घालतात. तेव्हा पैसे भरण्याआधी त्याची जन्मतारीख कळवून लेखी होकार घ्या.

सप्टेंबरअखेर ही निवड चांगली आहे, फक्त तिची किंमत माहीत असू द्या. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यात काळी माती गाड्या गिळते आणि बहुतेक तळ बंद असतात. एप्रिल-मेमध्ये गवत डोक्याइतकं असतं, पायी फिरायला ते वाईट. जून-जुलै सुखाचे, पण पहाटे कनूत बसताना कानटोपी लागते. ऑगस्टपासून आतली डबकी आटत जातात, जनावरं नदीकडे सरकतात आणि रान विरळ झाल्यामुळे लांबचं दिसू लागतं. ऑक्टोबरात पारा चाळिशी ओलांडतो. सप्टेंबरअखेर म्हणजे जनावरं भरपूर, दुपारी ऊन कडक आणि नदीवर वारा. या वाऱ्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण याच महिन्यात तो सगळ्यात जास्त घाम काढतो.

मार्ग मी असा धरेन. पहिला दिवस हरारेत पोचून झोप. दुसऱ्या दिवशी गाडीने चिरुंडूला, झाम्बियाच्या सीमेवरच्या पुलाजवळ, आणि तिथून कनू पाण्यात. तीन रात्री नदीवर, नदीवरच्या चौथ्या (म्हणजे सहलीच्या पाचव्या) दिवशी माना. अंतर साधारण ६० ते ६५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला १५-१६. मग मानात एकाच तळावर तीन-चार रात्री पायी फिरणं, आणि छोट्या विमानाने किंवा रस्त्याने परत. दहा दिवसांत हे नीट बसतं. चिरुंडूच्या वर, करिबा धरणाखालच्या घळीपासून सुरुवात करून किंवा मानाच्या पुढे मुपाटा घळीतून कान्येम्बापर्यंत जाऊन सहल लांबवता येते. करिबा ते कान्येम्बा हा पूर्ण टप्पा अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्यासाठी तुमचे सगळे दिवस खर्च होतील आणि चालणं राहून जाईल.

कनू आधी आणि चालणं नंतर असं का? एक कारण सरळ आहे: नदी तुम्हाला आपणहून मानात आणून सोडते. भाड्याच्या गाडीचा बेतही इथेच कोलमडतो. तुम्ही उतरणार प्रवाहाच्या खाली आणि गाडी उभी चिरुंडूला. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कनूत तीन दिवस तुम्ही गाईडच्या मागे एका ओळीत असता. तो ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, ‘डावीकडे’ म्हणाला की काठाला लागायचं, आणि का ते नंतर विचारायचं, हे अंगवळणी पडतं. हीच सवय घेऊन जमिनीवर उतरलेला गट दुसऱ्या दिवशीच हत्तींच्या बऱ्याच जवळ शांतपणे नेता येतो. उलट क्रमाने आलेल्या गटाचे पहिले दोन दिवस कुजबुज थांबवण्यातच जातात.

नदीचं आता सविस्तर, कारण नवख्यांच्या डोक्यात धोक्यांचा क्रम चुकलेला असतो. त्यांना मगरीची भीती जास्त वाटते. मगर धोकादायक आहेच. हात पाण्यात सोडायचा नाही, पोहायचं नाही, भांडी घासायला कडेला उकिडवं बसायचं नाही, पाणी बादलीने काढायचं. एवढं पाळलं की कनूत बसलेल्या माणसाला तिच्याकडून होणारा त्रास फार कमी होतो. दिवसभर डोळ्यात तेल घालून पाहायचं ते पाणघोड्याकडे.

त्याचं सगळं वागणं एका गोष्टीभोवती फिरतं: घाबरला की त्याला खोल पाणी हवं असतं. तो उथळात उभा असेल आणि तुम्ही त्याच्या आणि खोल धारेच्या मध्ये गेलात, तर त्याच्या लेखी तुम्ही त्याची वाट अडवलीत. म्हणून कळप दिसला की गाईड कनूच्या कडेवर वल्ह्याने टकटक करतो. त्या आवाजाने डोकी वर येतात, किती आहेत आणि कुठे आहेत ते कळतं, आणि जनावरं सावकाश खोलात सरकतात. मग आपण उथळाच्या बाजूने, कधी काठाला घासत, कधी कनू वाळूवरून ओढत जातो. पाण्याखाली गेलेला पाणघोडा चार-पाच मिनिटं वर येत नाही. म्हणजे डोकं दिसेनासं झालं याचा अर्थ तो निघून गेला असा नव्हे. गाईड तेव्हा डोकी मोजत थांबतो. पाच दिसली होती आणि चारच वर आली, तर आपणही थांबतो, कितीही उशीर होवो. काठावर पाणघोड्यांच्या वाटा दिसतात, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दोन समांतर खोबणी, मधे गवताची रेघ. अशा वाटेच्या तोंडाशी कनू लावायची नाही. वर चरणारा नर घाबरला तर त्याच वाटेने धावत पाण्यात येतो.

कनू उलटलीच तर काय, हे पहिल्या सकाळी वाळूवर नीट सांगितलं जातं, आणि नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. साधारण नियम असा: बुंध्याला अडकून किंवा वाऱ्याने उलटली तर कनूला धरून काठाला या. पाणघोड्याने उलटवली तर कनू सोडून जवळच्या काठाकडे पोहा, कारण त्याचा राग बहुधा त्या लांबुळक्या वस्तूवर असतो. लाइफ जॅकेट अंगावर नीट आवळलेलं हवं. ‘गरम होतं’ म्हणून पायाशी टाकलेल्या जॅकेटचा काहीच उपयोग नाही.

पाण्याची पातळी पावसावर कमी आणि करिबा धरणावर जास्त अवलंबून असते. १९५९ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण वीज किती बनवतं त्यावर खालचं पाणी चढतं-उतरतं, कधी एका रात्रीत. म्हणून मुक्कामाला कनू पाण्याच्या कडेला न ठेवता वर ओढून, उलटी करून बांधायची. दुष्काळी वर्षात, २०२२ आणि २०२४ सारख्या, धरणात पाणी फार खाली गेलं की वीजनिर्मिती घटते, नदी उथळ होते आणि वाळूचे पट्टे वर येतात. मग कनू ओढण्याचं काम वाढतं आणि पाणघोडे उरलेल्या खोल डोहांत दाटीने राहतात. त्यामुळे निघण्याच्या महिनाभर आधी कंपनीला पाण्याची स्थिती आवर्जून विचारा.

आणि वारा. नदी इथे ढोबळमानाने पूर्वेकडे वाहते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरचा वाराही पूर्वेकडूनच येतो, म्हणजे थेट तोंडावर. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दहा-अकराला खवळतं आणि लाटा कनूच्या कडेवरून आत येऊ लागतात. वल्हं मारताय आणि काठावरचं झाड हलतच नाही, अशी अवस्था होते. उपाय एकच, लवकर निघणं. उजाडता उजाडता चहा, सहाच्या सुमारास कनू पाण्यात, दिवसाचं मुख्य अंतर दहाच्या आत. दुपार झाडाखाली काढायची आणि वारा पडला तर चारनंतर तासभर पुढे. निघायला रोज साडेआठ वाजवणारी सहल मला या महिन्यात चालणार नाही.

कनू साधारण साडेपाच मीटर लांबीची, दोघांची. जास्त ताकदीचा माणूस पुढे बसवतात असा समज आहे, पण दिशा मागचा देतो, म्हणून शांत डोक्याचा माणूस मागे. नवरा-बायको एका कनूत असावेत असा काही नियम नाही, आणि तुमच्या बाबतीत तर मुलाला पहिल्या दिवशी गाईडच्याच कनूत पुढे बसवा. जड सामान मधे आणि तळाशी, सगळं दोरीने बांधलेलं. निघण्याआधी पवनेच्या पाण्यावर दोन-तीन सकाळी कयाक चालवून या. तंत्र थोडं वेगळं असलं तरी दंड, पाठ आणि तळव्यांची कातडी तयार होते. भरणार आहेत ते खांदे आणि कंबर. पायांना सुट्टी आहे.

मानात पोचल्यावर सगळं बदलतं. नदीकाठचं रान उद्यानासारखं मोकळं आहे. त्यात उंच उभी असलेली झाडं म्हणजे फायदर्बिया अल्बिडा, आपल्या बाभळीच्या नात्यातली. ती उलट्या ऋतूची आहेत: पावसात पानं गाळतात आणि कोरड्या दिवसांत हिरवी असतात. त्यांच्या पिळलेल्या, सुकलेल्या आंब्याच्या फोडीसारख्या दिसणाऱ्या शेंगांसाठी हत्ती जीव टाकतात. मानातले काही नर मागच्या दोन पायांवर उभे राहून उंच फांद्या ओढतात. ते पाहायला मिळेल अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, पण आशा जरूर ठेवा. ‘माना’ म्हणजे शोना भाषेत चार. नदीने मागे सोडलेल्या चार मोठ्या डोहांवरून हे नाव पडलं. त्यातला लाँग पूल सर्वात लांब, सुमारे सहा किलोमीटरचा. १९८४ पासून हा प्रदेश शेजारच्या सापी आणि चेवोरे क्षेत्रांसह जागतिक वारसा यादीत आहे.

चालताना गाईडच्या हातात एक छोटीशी कापडी पिशवी दिसेल, साधारण सुपारीच्या चंचीएवढी. त्यात चाळलेली लाकडाची राख असते. दर काही पावलांनी तो ती हलकेच झटकतो. राखेचा करडा धूर कुठे वाहतो त्यावर पुढची पावलं ठरतात. राख हत्तीकडे वाहिली की तुमचा वासही तिकडेच चाललाय, मग वळसा घालायचा, भले त्यात अर्धा तास जावो. हत्तीची नजर फार तीक्ष्ण नाही, वास मात्र विलक्षण आहे. म्हणून अत्तर, सुवासिक साबण, उदबत्तीच्या वासाचं डासांचं तेल पुण्यालाच ठेवा.

हत्तीची भाषा थोडी शिकून गेलात तर मजा वाढेल. कान पसरून, डोकं हलवत, धूळ उडवत, ओरडत येणारा हत्ती बहुतेक वेळा इशारा देत असतो. गाईड उभा राहतो, आपण त्याच्या मागे एकत्र उभे राहतो, हत्ती थांबतो. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, गप्प येणारा हत्ती वेगळा. तेव्हा काय करायचं ते गाईडचं काम. तुमचं काम एकच: पळायचं नाही आणि विखुरायचं नाही. सिंहाच्या बाबतीतही तेच, उलट तिथे पळणं जास्त घातक. पाय आपोआप पळतात, म्हणून हे आधीच मनात घोळवून ठेवायचं. तुमच्या मुलाला हे इथेच, घरी, दोन-तीनदा समजावून सांगा. भीतीने नव्हे, नियम म्हणून. वर्षभर फुटबॉल खेळणारा मुलगा ऑफसाइडचा नियम जसा पाळतो तसा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट: पावसात हत्ती चिखलातून गेले की त्यांच्या पावलांचे खड्डे तसेच वाळून दगडासारखे घट्ट होतात. बादलीएवढे खोल, गवताने झाकलेले. घोटे मुरगळतात ते यातच. म्हणून घोटा धरणारे, नीट वापरून मऊ झालेले बूट घाला.

रात्रीबद्दल थोडकंच. तंबूची चेन पूर्ण बंद. आत खाण्याचा कणही नको, बिस्किटाचं पाकीटही नको. बूट आत घ्या, बाहेर राहिले तर तरस नेतो. रात्री बाहेर जायची गरज भासली तर आधी चेन थोडी उघडून टॉर्चने चहूकडे पाहा, डोळे चमकले तर थांबा आणि गाईडला हाक मारा. तंबू कुठे लावलाय तेही वर बघून तपासा. सॉसेज ट्रीची फळं, भारतातल्या जुन्या बागांमध्येही लटकलेली दिसतात तीच, सहज पाच-सात किलोंची असतात आणि पडताना आवाज देत नाहीत. संत्री-मोसंबी नेऊ नका. ताज्या फळांवर उद्यानात बंदी आहे, कारण एकदा त्यांची चटक लागलेला हत्ती गाड्या आणि तंबू फोडू लागतो, आणि अशा हत्तीचा शेवट बंदुकीने होतो.

सामानात आपल्याकडच्या ट्रेकरांकडून हमखास होणाऱ्या दोन चुका आहेत. पहिली, लष्करी छापाच्या पँटी आणि टोप्या. आपल्याकडे बाजारात कुठेही मिळतात, पण झिम्बाब्वे आणि झाम्बियात सामान्य माणसाने त्या वापरणं गुन्हा आहे. एकही कपडा नको, बॅगेच्या तळाशीसुद्धा नको. दुसरी, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र. जंगलात ते अत्यावश्यक आहे, पण भारतात परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तशी यंत्रं बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर त्यासाठी परदेशी पाहुण्यांवर कारवाईही झाली आहे. तेव्हा इथून विकत घेऊन जाऊ नका. ते यंत्र गाईडकडे आहे का आणि चार्जिंगची सोय काय, हे कंपनीकडून लिहून घ्या.

कपडे खाकी, तपकिरी, फिक्या हिरव्या रंगाचे. पांढरं दुरून दिसतं. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्से-त्से माशा धावतात आणि त्यांचा चावा शर्टातूनही लागतो. कनूत ऊन दोनदा लागतं, एकदा वरून आणि एकदा पाण्यावरून. पूर्ण बाह्या, कॉलर आणि दोरीची टोपी तर हवीच, पण होरपळतात त्या जागा वेगळ्याच असतात: गुडघे, पावलांचा वरचा भाग आणि हाताची पाठ. मांडीवर टाकायला जुना पंचा आणि हातात पातळ सुती मोजे, एवढ्याने काम होतं. प्रत्येकी एक मोठी आणि एक छोटी ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत न जाणारी पिशवी. पिण्याचं पाणी या महिन्यात प्रत्येकी दिवसाला चार-पाच लिटर धरा. छोट्या विमानाने येणार असाल तर हँडबॅगसकट १५ ते २० किलोची मर्यादा असते आणि बॅग मऊ, चाकांशिवायची लागते. ड्रोन नेऊ नका, तिथल्या उद्यानांत बंदी आहे.

शाकाहाराची अडचण येत नाही, पण बुकिंगच्या वेळी कळवा आणि ‘मासे-अंडी चालतील का’ याचं उत्तरही द्या, नाहीतर रोज ऑम्लेट समोर येईल. तिथलं रोजचं अन्न म्हणजे साड्झा, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि सोबत पालेभाजी. शेंगदाण्याच्या कुटातली भाजी मिळाली तर आपल्या जिभेला ती ओळखीची वाटते. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बंद पाकिटातून न्या, विमानतळावर विचारलं तर दाखवा. पैसे अमेरिकन डॉलरमध्ये, लहान आणि न फाटलेल्या नोटा. मानात ना दुकान ना पेट्रोल.

हद्दीचं एक लक्षात ठेवा. सीमा नदीच्या मधून जाते. झिम्बाब्वेकडून निघालेल्या सहलीने झाम्बियाच्या काठावर मुक्काम केला तर ती सीमा ओलांडणं ठरतं. दोन्ही काठ वापरणार असाल तर व्हिसाही दोन्ही देशांत चालणारा हवा. कंपनी झाम्बियाची असेल तर तिकडे लोअर झांबेझी उद्यान समोरच आहे आणि पायी फिरताना वनखात्याचा सशस्त्र रक्षक बरोबर असतो. तीही चांगली निवड आहे, फक्त दोन्हीची खिचडी दहा दिवसांत करू नका.

वैद्यकीय बाजू मात्र आजच सुरू करा. मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आणि ते नसेल तर विलगीकरण. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, गर्दी असते, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. दुबईमार्गे गेलात तर हा प्रश्न बहुतेक सुटतो, तरी लस घेतलेली बरी.

विम्यात ‘जंगलातून हवाई मार्गाने हलवणं’ स्पष्ट शब्दांत असावं, आणि कनू व बंदूकधारी गाईडसोबत चालणं वगळलेलं नाही हेही तपासा. साधी प्रवासी पॉलिसी बऱ्याचदा ‘साहसी खेळ’ म्हणून हात वर करते. मानाच्या धावपट्ट्यांवर दिवे नाहीत. संध्याकाळी कुणाला काही झालं तर विमान सकाळीच येणार. म्हणून ती रात्र निभावून नेण्याइतकं प्रथमोपचाराचं ज्ञान आणि सामान गाईडकडे असायलाच हवं. तुमच्या नेहमीच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांमध्ये विभागून ठेवा, म्हणजे एक कनू उलटली तरी दुसरीत राहतात.

हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पण त्यांना सांगा की दिवसभर उन्हात पाण्यावर असणार आहात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आणि चांगलं आहे, मात्र काहींची कातडी त्याने उन्हात भाजते आणि परतल्यावरही चार आठवडे घ्यावं लागतं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सातच दिवस. या दोन्हींपैकी कनूच्या सहलीला मी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सुचवते. गोळ्या घेऊनही ताप येऊ शकतो. झांबेझीच्या खोऱ्यातला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाणारा. तुम्ही पुण्यात परत याल ती ऑक्टोबरची सुरुवात, डेंग्यूचा मोसम. पुढच्या तीन महिन्यांत तिघांपैकी कुणालाही ताप आला तर दवाखान्यात पाऊल टाकताक्षणी ‘आम्ही आफ्रिकेतून आलोय, आजच हिवतापाची तपासणी करा’ हे सांगा, आणि पहिली चाचणी नकारात्मक आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करवून घ्या. संथ पाण्यात उतरणं झालं असेल तर साधारण तीन महिन्यांनी बिल्हार्झियाचीही (गोड्या पाण्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी करा. त्यावर औषध सोपं आहे, फक्त डॉक्टरांना तो आजार आपणहून सुचणार नाही, नाव तुम्हालाच घ्यावं लागेल.